खंजरी, पेटी आणि ध्वनिमुद्रण : चिमूर परिसरातील भजनमंडळींच्या साधनांचा विचार

(१) विषयाची व्याप्ती

संगीताच्या इतिहासाचे आपले लेखन बहुतांशी घराणी, राजाश्रय आणि बैठकीचे गवई यांच्याभोवती फिरत आले आहे. ज्यांनी गाण्यावर पोट भरले नाही, पण ज्यांच्या गाण्यावाचून गावाचा कोणताही उत्सव पार पडला नाही, अशा हौशी गायकवादकांचा विचार त्यात क्वचितच आढळतो. त्यांनी कोणती वाद्ये जवळ केली, ती का केली, आणि त्यांच्या गायनाचे जतन कोणत्या साधनांनी झाले किंवा होऊ शकले नाही, हे प्रश्न इतिहासाचे आहेत; आणि त्यांची उत्तरे आजच्या भजनमंडळींच्या प्रत्यक्ष उपयोगाचीही आहेत. प्रस्तुत लेखात चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर व त्याभोवतालचा मुलूख डोळ्यांपुढे ठेवून हा विचार केला आहे.

चिमूर निवडण्याची कारणे दोन. पहिले असे की, खंजरीवरील भजन हा विदर्भातील लोकसंगीताचा जो विशेष मानला जातो, त्याचा या भूमीशी घनिष्ठ संबंध आहे. दुसरे कारण भाषेचे आहे. चिमूरच्या पश्चिमेस व उत्तरेस वर्धा-नागपूरकडील बोली आणि पूर्वेस झाडीपट्टी. या दोहोंच्या सांध्यावर हा मुलूख वसलेला आहे. त्यामुळे येथील गाण्याचे मुद्रण हे संगीताचे जेवढे, तेवढेच बोलीचेही साधन ठरते. लेखाचा मुख्य सिद्धांत थोडक्यात असा सांगता येईल : या प्रदेशातील भजनात शब्द हा प्रधान आहे, आणि म्हणून वाद्याची निवड असो, वादनाची रीत असो वा ध्वनिमुद्रण असो, शब्द स्पष्ट ऐकू येतो की नाही हाच त्याचा पहिला निकष मानला पाहिजे.

(२) खंजरी आणि १९४२

खंजरी, खंजेरी, खंजिरी अशी या वाद्याच्या नावाची निरनिराळी रूपे ऐकू येतात. हिंदीतील खँजड़ी आणि दक्षिणेतील कंजीरा ही त्याच कुळातील नावे होत. वाद्याची घडण अगदी साधी आहे. वीतभर व्यासाचे लाकडी कडे, त्याच्या एका तोंडावर मढविलेले पातळ कातडे, आणि कड्याला पाडलेल्या खाचांत सैल बसविलेल्या पितळी चकत्या. एका हाताने धरावे आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवावे. कातड्यातून ठेका निघतो आणि चकत्यांतून झंकार.

या साध्या वाद्याला विदर्भात जी प्रतिष्ठा लाभली ती राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे, असे म्हणण्यास हरकत नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तरुणपणी चिमूर भागातील अरण्यात, विशेषतः रामदिघी व गोंदोडा येथे, त्यांनी साधना केली. गोंदोड्याचे स्थान आजही तपोभूमी म्हणून ओळखले जाते. पुढे १९३५ साली मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला, आणि खंजरीवर गाइलेल्या त्यांच्या मराठी व हिंदी भजनांचा प्रसार वऱ्हाड-नागपूर प्रांतांत गावोगाव झाला. हा सारा मुलूख १९५६ पर्यंत मराठी व हिंदी अशा द्विभाषिक प्रांतात मोडत होता, हे लक्षात घेतले म्हणजे एकाच गायकाच्या मुखी दोन्ही भाषा सहज का नांदत होत्या याचा उलगडा होतो.

त्यांनी खंजरीच का जवळ केली याचे एक स्पष्टीकरण वाद्याच्या स्वरूपातच मिळते. खंजरी काखेत मारून पायी प्रवास करता येतो. गाणारा आणि वाजविणारा एकच असल्यामुळे लय शब्दाच्या मागे चालते. साथीदाराची वाट पाहावी लागत नाही. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खंजरीला ठाम असा स्वर नसतो. तेव्हा गायक आपल्या गळ्याला आणि त्या दिवसाच्या प्रकृतीला मानवेल त्या उंचीवर भजन सुरू करू शकतो. ठेका थांबवून मध्येच श्रोत्यांशी बोलता येते, आणि बोलता बोलता पुन्हा गाण्यात शिरता येते. उपदेश आणि गायन यांची सीमारेषा पुसून टाकणारे इतके सोयीचे दुसरे वाद्य सापडणे कठीण आहे.

या शब्दप्रधान गायनाचे सामर्थ्य काय होते याची साक्ष १९४२ च्या घटनांनी दिली. त्या वर्षी चिमूर परिसरातील वातावरण तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेले होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, गावात प्रभातफेरी निघाली. पुढे पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यात बालाजी रायपूरकर हे हुतात्मा झाले. संतप्त जमावाच्या हातून काही सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर फौज आली, गावावर अनन्वित अत्याचार झाले, खटले चालले. २८ ऑगस्ट १९४२ रोजी तुकडोजी महाराजांना चंद्रपूर येथे अटक करण्यात आली आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. डिसेंबर १९४२ मध्ये त्यांची सुटका झाली. ज्याच्या हाती खंजरीखेरीज दुसरे शस्त्र नव्हते अशा गायकाला सरकारने बंदिवासात टाकावे, यातच त्या गायनाचा प्रभाव सरकारी पातळीवर मान्य झालेला दिसतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे एक उणीव प्रकर्षाने जाणवते. खटल्याच्या कागदपत्रांतून माणसांची नावे, वेळा, जबान्या आणि शिक्षा यांची माहिती मिळू शकते. भजनांचे शब्द छापील संग्रहांतून व लोकांच्या पाठांतरातून टिकून राहिले. परंतु ते शब्द कोणत्या लयीत म्हटले गेले, कोणत्या पदावर गायक थांबला, जमावाने धरलेले ध्रुपद कोणत्या उच्चारात उमटले, हे कागद सांगू शकत नाही. त्या काळी गावकऱ्यांच्या हाती ध्वनिमुद्रणाचे कोणतेही साधन नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात ते आहे. या फरकाची जबाबदारी ओळखणे हाच या लेखाच्या उत्तरार्धाचा विषय आहे.

(३) पेटीचे आगमन आणि पट्टीची कल्पना

खंजरीच्या जोडीला आज बहुतेक भजनमंडळांत पेटी दिसते. हार्मोनियमचे एकस्व पॅरिस येथे अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली घेतले. मूळचे वाद्य पायाने भाता चालविण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी बसून वाजविण्याजोगा हातभात्याचा प्रकार प्रचारात आणला, आणि त्यानंतर या वाद्याने हिंदुस्थानभर मुळे धरली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पायपेटीला व ऑर्गनला रंगभूमीवर मान मिळवून दिला. झाडीपट्टीत, विशेषतः नाट्यमंडळींचे केंद्र असलेल्या वडसा-देसाईगंज भागात, ही परंपरा आजही जिवंत असून, २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना मिळालेल्या पद्मश्रीमुळे या रंगभूमीकडे सर्व देशाचे लक्ष वेधले गेले.

पेटीविषयीचा वाद सर्वश्रुत आहे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम वर्ज्य केले आणि ही बंदी १९७१ साली, तीही अंशतः, उठली. आक्षेपाचे शास्त्रीय कारण असे की, पेटीचे बारा स्वर समान अंतरावर बसविलेले असतात. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर षड्जापासून पेटीचा शुद्ध गांधार ४०० भागांवर येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार मात्र सुमारे ३८६ भागांवर असतो. हा चौदा भागांचा फरक रागसंगीताच्या गायकाला खटकतो. शिवाय दोन स्वरांमधील मींड पेटीवर निघत नाही. आकाशवाणीच्या दारात पेटीला मज्जाव होता त्याच तीन दशकांत खेड्यापाड्यांतील भजनमंडळांनी मात्र तिला आपलेसे केले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. समूहाला एका सुरात आणणे ही भजनाची गरज होती, आणि ती पेटीने भागविली.

या आगमनाचा परिणाम परिभाषेवरही झाला. ग्रंथात ‘संवादिनी’ हा शब्द आढळतो. बोलण्यात सगळे ‘पेटी’च म्हणतात. गळ्याची उंची सांगण्यासाठी ‘पट्टी’ हा शब्द रूढ झाला, आणि पट्ट्यांच्या रंगावरून ‘काळी एक’, ‘काळी दोन’, ‘पांढरी चार’, ‘काळी पाच’ अशी नावे निघाली. तुमची पट्टी कोणती, या प्रश्नाचे उत्तर खेड्यातील निरक्षर गायकही बिनचूक देतो. खंजरीच्या काळात गायक गळ्याप्रमाणे आरंभ करीत असे. पेटी आल्यावर गळ्याला पट्टी नेमून देण्यात आली. समूहगायनाच्या शिस्तीसाठी हा लाभच झाला, मात्र तो गायकाच्या स्वातंत्र्याचा काही अंश देऊन मिळालेला आहे.

(४) तबकडी, फीत आणि अंक

भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यात प्रारंभ झाला. फ्रेड गायसबर्ग याने त्या वेळी गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. प्रारंभीचे मुद्रण भोंग्यातून होत असे. गायकाने भोंग्यात तोंड घालून गावयाचे आणि आवाजाच्या कंपनांनी मेणावर रेघ उमटावयाची. या पद्धतीत स्थूलमानाने अडीच हजार हर्ट्झच्या वरचा ध्वनी जवळजवळ उमटतच नसे. १९२५ च्या सुमारास विद्युत् मुद्रण आले, तेव्हा ही मर्यादा पुष्कळ विस्तारली. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. एका पदाभोवती तासभर फिरणाऱ्या भजनाला इतक्या थोड्या जागेत बसविताना त्याचे रूपच पालटते, हे उघड आहे.

तबकडीच्या गतीचाही प्रश्न आहे. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण पुढे स्थिर झाले. प्रारंभीच्या तबकड्या कमीअधिक गतीने मुद्रित झालेल्या आहेत. ८० फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजविल्यास स्वर सुमारे ४४ भागांनी, म्हणजे जवळजवळ पाव स्वराने, खाली उतरतो. म्हणून जुन्या तबकडीवरून गायकाची पट्टी ठरविताना सावध राहावे लागते. हीच अडचण १९६३ साली फिलिप्सने आणलेल्या कॅसेटलाही आहे. पट्टा सैल झालेल्या यंत्रावर मुद्रित झालेली भजने आज मूळ स्वरात ऐकू येतीलच असे नाही.

व्यवसायापासून अलिप्त असे जे मुद्रण या देशात झाले, त्यांत ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचे स्थान मोठे आहे. सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्याला पूरक म्हणून सुमारे १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषा-बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले. उधळ्या पुत्राचा दृष्टांत त्या त्या बोलीत वाचवून घेतलेला असे, आणि पुष्कळदा जोडीला एखादी कथा किंवा गीत असे. या तबकड्यांचे ध्वनिमूल्य आज बेताचेच वाटते. तरी त्या अभ्यासनीय ठरल्या, कारण प्रत्येकीबरोबर बोलीचे नाव आणि म्हटलेला मजकूर यांची नोंद ठेवलेली होती.

याच तत्त्वाचे अलीकडचे मराठी उदाहरण म्हणजे गी पॉत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी हाती घेतलेले जात्यावरच्या ओव्यांचे संकलन. हजाराहून अधिक गावांतून एक लाखापेक्षा अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. ओवी कोणत्या गावची, कोणी म्हटली, हे नोंदलेले असल्यामुळेच तो संग्रह अभ्यासाचे साधन बनला. अन्यथा तो केवळ सुरेल आवाजांचा ढीग झाला असता.

(५) मुद्रणातील बोलीची साक्ष

झाडीबोलीचे जे विशेष डॉ. हरिश्चंद्र बोरकर प्रभृतींच्या अभ्यासामुळे आज सर्वांस परिचित झाले आहेत, त्यांत ण व ळ या वर्णांचा अभाव हा प्रमुख होय. ‘पाणी’ चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’ चा ‘डोरा’. हाच ळकार वऱ्हाडीत यकारात जातो आणि ‘डोळा’ चा ‘डोया’ होतो. तालव्य शकाराच्या जागीही झाडीत दंत्य सकार येतो. चिमूरसारख्या सांध्यावरील गावी ‘डोरा’ म्हणणारा कोण आणि ‘डोया’ म्हणणारा कोण, छापील पुस्तकातून भजन म्हणताना तो प्रमाण उच्चाराकडे किती झुकतो, आणि आवेशात आल्यावर आपल्या बोलीकडे किती परततो, हे ऐकण्यासारखे असते. असे निरीक्षण प्रश्नावलीतून साधत नाही. गाणारा माणूस आपल्या उच्चाराबद्दल बेसावध असतो, आणि नेमके तेच अभ्यासकाला हवे असते.

आता ध्वनिशास्त्राची एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. शकाराची मुख्य शक्ती साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झपासून पुढे पसरलेली असते, तर सकाराची चार हजारांच्याही वर. म्हणूनच भोंग्याच्या काळातील तबकडीवरून स आणि श यांचा निर्णय करणे दुरापास्त आहे. दूरध्वनीवर ३४०० हर्ट्झच्या पुढचा भाग गाळला जात असे, तेव्हाही हीच अडचण येई. खंजरीच्या पितळी चकत्यांचा झंकार नेमका याच उच्च पट्ट्यात वसतो. अर्थात चकत्या मायक्रोफोनच्या जवळ असल्या की त्या सर्वांत आधी सकार-शकार झाकून टाकतात. ‘शब्द कळत नाहीत’ अशी जी तक्रार खंजरी-भजनांच्या मुद्रणाबद्दल वारंवार केली जाते, तिचे मूळ बहुधा येथेच असते. महागडे यंत्र आणल्याने ही अडचण सुटत नाही. वादकाची जागा बदलल्याने सुटते.

(६) वाद्याची निवड आणि वादन

येथवरच्या विवेचनावरून हौशी मंडळींना उपयोगी पडतील अशा काही सूचना निष्पन्न होतात.

खंजरी घेताना कडे पक्क्या वाळलेल्या लाकडाचे आहे की नाही आणि त्याचा सांधा घट्ट आहे की नाही, हे प्रथम पाहावे. कातड्यावर कडेकडेने चार ठिकाणी बोट मारून पाहावे. चारही ठिकाणी नाद सारखा आला तर कातडे सम ताणलेले आहे असे समजावे. चकत्यांची संख्या जेवढी कमी, तेवढा शब्द मोकळा राहतो. म्हणून पुष्कळ चकत्यांच्या मोहात पडू नये. दक्षिणेकडील कंजीऱ्यासाठी पूर्वापार घोरपडीचे कातडे वापरीत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संपूर्ण संरक्षण दिलेले आहे. ताडोब्याच्या शेजारी राहणाऱ्यांना हे सांगावे लागू नये. बकरीच्या कातड्याची खंजरी उत्तम वाजते. कृत्रिम पडद्याची खंजरी पावसाळ्यातही उतरत नाही, पण तिचा नाद लांबतो आणि पुढच्या शब्दावर पसरतो. तिच्या पडद्याच्या कडेला कापडी चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावल्यास तो आवरता येतो.

चंद्रपूरकडील हवामान वाद्यांना कठोर आहे. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. कातडे उन्हाळ्यात अति ताणले जाऊन फाटण्याचा संभव असतो. अशा वेळी आतल्या अंगाने ओलसर बोट फिरवावे. पावसाळ्यात ते सैल पडते. निखाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर धरून हळूहळू शेकावे, आचेवर धरू नये. पेटीचे लाकूड ओलीने फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नये.

पेटी विकत घेताना भाता भरून, सर्व पट्ट्या मोकळ्या सोडून, हवा किती वेळ टिकते हे पाहावे. भाता लगेच खाली बसला तर गळती आहे. प्रत्येक सूर हलक्या भात्यावर आणि भरल्या भात्यावर असा दोनदा वाजवून पाहावा. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजविला असता आवाजात हेलकावे आले, तर सूर उतरलेले आहेत असे समजावे. सूर घरी घासून जुळविण्याचा प्रयत्न करू नये. ते कारागिराचे काम आहे. एकाच पट्टीत गाणाऱ्या मंडळाला स्केलचेंजर पेटीची आवश्यकता नसते. तिचे वजन आणि किंमत मात्र दोन्ही अधिक असतात. पट्टी ठरविताना पुढाऱ्याचा गळा न पाहता मागे म्हणणाऱ्यांचा पाहावा. पुरुषांना बहुधा काळी एक किंवा काळी दोन, स्त्रियांना काळी चार किंवा काळी पाच मानवते. मंडळ मिश्र असेल, तर ध्रुपदाचा सर्वांत उंच स्वर सर्वांना न ओरडता घेता येईल अशीच पट्टी निश्चित करावी.

वादनाविषयी एकच सूत्र सांगावयाचे आहे. पद प्रथम म्हटले जात असताना कातड्यावरचा ठेका पुरेसा असतो. चकत्यांचा झंकार ओळ संपल्यानंतरच्या मोकळ्या जागेत आणि ध्रुपदाच्या आवर्तनांत घ्यावा. भजनी ठेका किंवा केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. हौशी मंडळास एवढे पक्के असले तरी पुष्कळ झाले. लय वाढण्याची खोड सर्वत्र आहे. आठ मात्रांचे आवर्तन आरंभी चार सेकंदांचे असेल, तर ती लय मिनिटाला १२० मात्रांची होते. शेवटी तेच आवर्तन तीन सेकंदांवर आले, तर लय १६० वर गेली. ही वाढ हेतुपुरस्सर झाली की नकळत, हे सरावाच्या मुद्रणावरून पडताळून पाहावे. विजेच्या कीबोर्डातील तयार ठेका अढळ राहतो खरा, पण गायक शब्दावर थांबला तर तो त्याच्यासाठी थांबत नाही. खंजरीचा जो मुख्य गुण, तोच त्यात नाही.

ध्वनिवर्धकाबाबत एवढेच की, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर त्याच्या वापरास मनाई आहे. मंडळापाशी पैसे थोडे असतील, तर कर्ण्यावर खर्च करण्याआधी एका चांगल्या मायक्रोफोनवर करावा.

(७) ध्वनिमुद्रणाची रीत

आरंभ करण्यास साधा मोबाइल चालतो. त्याला जोडण्याजोगा लहान मायक्रोफोन मिळाल्यास अधिक चांगले. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण मानले आहे. यंत्रात सोय असेल तर तेच निवडावे आणि मुद्रण वेव्ह स्वरूपात ठेवावे. आकुंचित एमपीथ्री प्रत ऐकण्या-ऐकविण्यासाठी काढावी, पण मूळ म्हणून ती ठेवू नये. पार्श्वध्वनी आपोआप कमी करणारी सोय बंद ठेवावी, कारण ती सकारालाही गोंगाट समजून कापते.

मायक्रोफोन मुख्य गायकाच्या तोंडापासून सुमारे वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा. अगदी समोर ठेवल्यास प-फ-भ यांचा फुंकार त्यावर आदळतो. गायक स्वतःच खंजरी वाजवीत असेल, तर त्याने ती छातीशी न धरता मांडीजवळ, मायक्रोफोनच्या विरुद्ध बाजूस धरावी. वादक निराळा असेल, तर त्याने दोन पावले मागे बसावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे सहा डेसिबेलने उतरते. हा नियम ध्यानात ठेवला तर कोणास कोठे बसवावे हे सहज ठरविता येते. टाळकऱ्यांना सर्वांत मागे बसवावे. पातळीचा काटा अत्युच्च क्षणी उणे बारा डेसिबेलच्या आसपास राहील असे करावे. ध्रुपद रंगात येते तेव्हा आवाज हमखास चढतो आणि एकदा फाटलेले मुद्रण सुधारता येत नाही.

देवळाचा घुमट भक्तीला पोषक असला तरी मुद्रणाला मारक असतो. साध्या खोलीत दोन भिंतींवर गोधड्या किंवा सतरंज्या टांगल्या की काम भागते. पंखा बंद करावा, आणि पत्र्याचे छप्पर असल्यास पावसात मुद्रण करू नये.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोंद. मुद्रणाच्या आरंभी एकाने तारीख, गाव, मंडळाचे नाव व पट्टी स्पष्ट उच्चारावी आणि पेटीवर षड्ज काही क्षण धरून ठेवावा. यंत्र पुढे बदलले तरी मूळ स्वर त्यावरून ताडता येईल. मंडळाने एक वही ठेवावी. तीत गायकाचे नाव, वय, जन्मगाव, भजन कोणाकडून शिकले, आणि मुद्रणाला संमती दिली की नाही, हे लिहावे. मजकूर जसा ऐकू आला तसाच उतरवावा. ‘डोरा’ ऐकू आला तर ‘डोळा’ लिहू नये. प्रमाण रूप हवे असल्यास शेजारच्या रकान्यात द्यावे. मुद्रणाच्या दोन प्रती दोन निराळ्या घरी असाव्यात. संग्रह मोठा झाल्यावर तो एखाद्या विद्यापीठाकडे किंवा १९८२ साली स्थापन झालेल्या, सध्या गुरुग्राम येथे असलेल्या लोकसंगीत-अभिलेखागारासारख्या संस्थेकडे ठेव म्हणून देता येतो.

हक्कांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षेपर्यंत त्याच्या रचनेवर हक्क चालतो. तुकडोजी महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांवरील हक्काची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते. हौशी मंडळाने शुल्क न आकारता, किंवा धर्मसंस्थेच्या साहाय्यार्थ, केलेल्या गायनाला याच कायद्याने मोकळीक दिलेली आहे. मुद्रण प्रसिद्ध करणे ही मात्र निराळी बाब असून तेथे परवानगी घेणे योग्य ठरते.

(८) समारोप

खंजरी, पेटी आणि ध्वनिमुद्रण ही साधने या प्रदेशात एकामागून एक आली, आणि प्रत्येकीने भजनाला काही दिले व काही घेतले. खंजरीने लय गायकाच्या हाती ठेवली. पेटीने समूहाला एका पट्टीत आणले. तबकडीने आवाज टिकविला, पण त्याची लांबी कापली. आजच्या साधनांना लांबीची मर्यादा नाही आणि त्यांची किंमतही हौशी मंडळींच्या आवाक्यात आहे. यामुळे मुद्रणे पुष्कळ होतील. परंतु शब्द झाकले गेलेली आणि नावगाव नसलेली हजार मुद्रणे भावी अभ्यासकाला फारशी उपयोगी पडणार नाहीत.

ज्यांनी १९४२ पूर्वीची भजने प्रत्यक्ष ऐकली ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. त्यांच्याकडून शिकलेली, सत्तरी-ऐंशीच्या घरातील माणसे अद्याप गावोगाव आहेत, आणि गुरुवारच्या किंवा पुण्यतिथीच्या भजनास ती बसतात. आपल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची गावे चिमूर, ब्रह्मपुरी, नागभीड वा सिंदेवाही तालुक्यांत आहेत, त्यांनी सुटीत गावी जाताना एक वही आणि एक मायक्रोफोन सोबत न्यावा. गायकास आधी संमती विचारावी, खंजरी दोन पावले मागे ठेवावी, आणि ऐकू येईल तसे लिहावे. अशा वीस-पंचवीस वह्या जमल्या तरी या मुलखाच्या संगीताचा आणि बोलीचा इतिहास लिहिण्यास भक्कम आधार मिळेल.